पाडणाऱ्याची जबाबदारी

दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, ही म्हण लहानपणापासून आपणां सर्वांच्या कानांवर पडलेली असते. भावकीत, बाजारात आणि शेताच्या बांधावर ती पुष्कळदा खरीही ठरते. परंतु लोकसभेत वा विधानसभेत ती खरी ठरते काय, हा प्रश्न आम्हांस दीर्घकाळ सतावीत आला आहे. सत्तारूढ पक्षात दुफळी माजली, त्यातील एक गट आपल्याच नेत्यावर उलटला आणि त्या नेत्याला खाली खेचण्यासाठी त्याला विरोधी बाकांवरील मतांची गरज भासली, तर विरोधी पक्षाने ती मते द्यावीत की देऊ नयेत? बहुतेकांना हा प्रश्न विचारण्याजोगाही वाटत नाही. "विरोधकांनी विरोध करावयाचा नाही, तर काय सरकारची पालखी वाहावयाची?" असे ते उसळून म्हणतात. आमचे मत याच्या अगदी उलट आहे आणि ते मुळमुळीत शब्दांत मांडण्याची आमची इच्छा नाही. सरकार पडल्यानंतर आपण काय करणार, हे ज्या विरोधी पक्षाला सांगता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या बंडाला आपली मते उसनी देऊ नयेत. देईल तर तो मतदारांची प्रतारणा करील.

आम्ही केंद्र सरकारचे नोकर आहोत. १९६४ च्या आचरण-नियमांनी आम्हांस पक्षीय राजकारणात भाग घेण्यास मज्जाव केला आहे आणि तो मज्जाव आम्ही योग्यच मानतो. कोणत्याही पक्षाची तळी उचलण्याचे आम्हांस कारण नाही; पुढील उदाहरणांत जवळजवळ प्रत्येक मोठ्या पक्षाच्या पदरी दोष येईल, हे वाचकांच्या लक्षात येईलच. परंतु राज्य कोणाचेही असो, कागद आमच्याच मेजावरून जातो. सरकार डळमळू लागले म्हणजे "हा विषय नव्या सरकारपुढे ठेवावा" असा शेरा मारून किती प्रकरणे बासनात जातात, हे आमच्या खात्यांतील ज्येष्ठांनी आम्हांस सांगितले आहे. त्या शेऱ्याच्या पलीकडे कोणाची तरी विहीर, कोणाची तरी शाळा, कोणाचे तरी निवृत्तिवेतन असते. म्हणून या विषयावर बोलण्याचा आम्हांस अधिकार आहे, असे आम्ही समजतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अविश्वासाचा ठराव हे पाप आहे, असे आमचे म्हणणे नाही. संविधानाच्या ७५ व्या अनुच्छेदाने मंत्रिमंडळाला लोकसभेला सामुदायिकपणे जबाबदार ठरविले आहे आणि पन्नास सदस्य उभे राहिले की सभागृहाच्या नियमांप्रमाणे ठराव चर्चेला घेता येतो. हे शस्त्र विरोधी पक्षाच्या हाती असलेच पाहिजे. स्वतंत्र भारताच्या लोकसभेत ते प्रथम उपसले आचार्य कृपलानी यांनी, ऑगस्ट १९६३ मध्ये, पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळाविरुद्ध. चीनकडून झालेल्या पराभवाला तेव्हा वर्षही लोटले नव्हते. ठरावाच्या बाजूने ६२ मते पडली, विरुद्ध ३४७. हे असेच होणार, हे कृपलानींना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? तरीही त्या चर्चेत डॉ. राममनोहर लोहिया यांनी देशातील सत्तावीस कोटी माणसे रोजच्या तीन आण्यांवर कशी जगतात, हा प्रश्न सरकारच्या तोंडावर फेकला. सरकारला पंधरा आण्यांचा हिशेब मांडावा लागला. आणि दारिद्र्य मोजावयाचे कसे, हा वाद तेव्हापासून या देशात कधी थांबलाच नाही. बासष्ट मतांनी सरकार पडले नाही, पण विरोधी पक्षाचे काम मात्र पुरेपूर झाले. पुढील काळात जे ठराव आणि जी पाठिंब्यांची माघार "यशस्वी" झाली, त्यांनी याच्या दशांश तरी काम केले काय, ते आता पाहू.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना जे उदाहरण सर्वांत जिव्हारी लागणारे आहे, तेच आम्ही आधी घेतो. १९६२ च्या नोव्हेंबरात हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे ज्यांच्याविषयी आपण अभिमानाने म्हणतो, ते यशवंतराव चव्हाण १० जुलै १९७९ रोजी लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी मोरारजी देसाई यांच्या सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडला. आरंभी तो नित्याचाच एक ठराव वाटला. परंतु जनता पक्ष आतून पोखरला होता. राजनारायण यांनी वेगळी चूल मांडली होती, चरणसिंग यांचा गट कुंपणावर होता आणि चर्चा चालू असतानाच सत्तारूढ बाकांवरून माणसे उठून जाऊ लागली. मतदान होण्यापूर्वीच, १५ जुलै रोजी, मोरारजींनी राजीनामा दिला. आणीबाणीनंतर मोठ्या आशेने निवडलेले सरकार सव्वादोन वर्षांत कोसळले.

येथवर विरोधी पक्षनेत्याने आपला हक्क बजावला, असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. खरी कसोटी पुढे होती. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी रीतीला अनुसरून प्रथम चव्हाणांनाच विचारले की, आपण सरकार बनवू शकता काय? काही दिवसांच्या खटपटीनंतर चव्हाणांना असमर्थता कळवावी लागली. ज्याने सरकार हटविण्याचा ठराव आणला, त्याच्यापाशी सरकार नव्हते! मग ज्यांच्या बंडामुळे ते सरकार पडले, त्या चरणसिंगांच्याच हाती २८ जुलैला देश सोपविण्यात आला. चव्हाण त्यांचे उपपंतप्रधान झाले. आणि इंदिरा गांधींच्या पक्षाने बाहेरून पाठिंबा दिला. हा पाठिंबा तेवीस दिवस टिकला. लोकसभेला सामोरे न जाताच २० ऑगस्टला चरणसिंगांनी राजीनामा दिला आणि दोन दिवसांनी लोकसभा विसर्जित झाली. पुढे १९८० च्या जानेवारीपर्यंत, जवळजवळ पाच महिने, हा एवढा मोठा देश काळजीवाहू सरकारच्या हाती राहिला. निवडणुकीत लाभ कोणाचा झाला? ठराव आणणाऱ्याचा नाही, बंड करणाऱ्याचाही नाही. पाठिंबा देऊन काढून घेणाऱ्या पक्षाला ३५३ जागा मिळाल्या.

यशवंतरावांच्या कर्तृत्वाबद्दल आमच्या मनात आदर आहे. तो आहे म्हणूनच हे लिहिणे आम्हांस भाग पडते. सामान्य पुढाऱ्याच्या हातून असा प्रकार घडला असता तर आम्ही शाई खर्च केली नसती. परंतु ज्याने महाराष्ट्र राज्याचा पाया घातला आणि संरक्षण, गृह, अर्थ व परराष्ट्र या चारही खात्यांचा भार वाहिला, त्या मुरब्बी राज्यकर्त्यालाही या डावातून वाट काढता आली नाही, यावरून दोष माणसाचा कमी आणि डावाचाच अधिक, हे उघड होते.

याच्याच आदल्या वर्षी मुंबईत जे घडले ते ताडून पाहण्यासारखे आहे. १९७८ च्या निवडणुकीत महाराष्ट्रात जनता पक्षाला ९९ जागा मिळाल्या होत्या आणि तो सर्वांत मोठा पक्ष असूनही दोन काँग्रेस पक्षांनी एकत्र येऊन वसंतदादा पाटील यांचे सरकार बनविले. जुलैमध्ये शरद पवार आपल्या गटासह त्यातून बाहेर पडले आणि विरोधी बाकांवरील जनता पक्षाच्या साहाय्याने १८ जुलै १९७८ रोजी मुख्यमंत्री झाले. वसंतदादांशी झालेल्या वर्तनाबद्दल महाराष्ट्रात आजही दोन तट आहेत. बंडखोराची नीती हा वेगळा विषय आहे. आमचा विषय विरोधी पक्षाची नीती हा आहे. त्या दृष्टीने पाहता जनता पक्ष बाहेर उभा राहून टाळ्या पिटत बसला नाही. तो मंत्रिमंडळात शिरला, त्याने खाती घेतली, बऱ्यावाईटाचा वाटा उचलला. ते सरकार दीड वर्षाहून अधिक चालले आणि शेवटी ते पडले ते आपसांतल्या लाथाळीने नव्हे. १७ फेब्रुवारी १९८० रोजी दिल्लीच्या हुकुमाने ते बरखास्त झाले. पाडणाऱ्याने चालविण्याचीही जबाबदारी घेतली, एवढा एकच फरक. पण तो जमीनअस्मानाचा आहे.

यानंतरची कथा म्हणजे १९७९ चीच पुनरावृत्ती. ७ नोव्हेंबर १९९० रोजी विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या विश्वासदर्शक ठरावाला १४२ मते मिळाली आणि ३४६ विरुद्ध गेली. बाहेरून पाठिंबा देणाऱ्या भारतीय जनता पक्षाने तो काढून घेतला होता. काँग्रेस तर विरोधातच होती. दोन्ही मिळून सरकार पाडू शकत होते, पण मिळून चालवू शकत नव्हते. मग फुटून निघालेल्या साठाच्या आसपास सदस्यांच्या गटाचे नेते चंद्रशेखर पंतप्रधान झाले आणि सभागृहातील सर्वांत मोठा पक्ष बाहेरून त्यांचा पाठीराखा झाला. साठांनी राज्य करावयाचे आणि त्यांच्या तिपटीहून अधिक लोकांनी दोरी हातात धरून बसावयाचे, असा हा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ! राजीव गांधींच्या निवासाबाहेर हरियाणाचे दोन शिपाई पाळत ठेवताना सापडले, हे निमित्त झाले आणि ६ मार्च १९९१ रोजी तो संपला.

तो काळ कसला होता, हे आठवावे. आखाती युद्धाने खनिज तेल महागले होते, परकीय चलनाची गंगाजळी आटत चालली होती आणि अशा वेळी देशाला पूर्ण अंदाजपत्रक मिळू शकले नाही. ४ मार्चला हंगामी अंदाजपत्रकावर भागवावे लागले. त्या वर्षी मे महिन्यात वीस टन सोने स्वित्झर्लंडच्या बँकेकडे गेले आणि जुलैमध्ये सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण पडले. हे संकट केवळ सरकार पाडल्यामुळे आले, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. त्याची मुळे आधीच्या दशकातील उधळपट्टीत होती. परंतु घराला आग लागली असता दारावरचा पहारेकरीच हटवावा आणि नवा कोण येणार ते ठरवू नये, याला शहाणपण कोण म्हणेल?

१९९७ साली याच पक्षाने देवेगौडांना खाली उतरविले आणि सात महिन्यांत गुजरालांनाही. दोघांचाही पाठिंबा बाहेरूनच होता. आणि १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. बंड घरातल्या मित्रपक्षाचे, म्हणजे अण्णा द्रमुकचे, मते विरोधकांची. चार दिवसांनी सोनिया गांधींनी २७२ सदस्यांचा दावा सांगितला, पण मुलायमसिंग यादव यांनी नकार दिला आणि हिशेब जुळला नाही. देशाचे अंदाजपत्रक चर्चेवाचून संमत करून २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली. मे महिन्यात कारगिलच्या शिखरांवर शत्रू बसलेला आढळला, तेव्हा त्याला हुसकावण्याचे निर्णय लोकसभा नसलेल्या देशाच्या काळजीवाहू सरकारने घेतले. सैनिकांनी आपले काम चोख केले, पण देशाच्या प्रतिनिधींनी सरकारला जाब विचारावा असे लोकसभेचे सभागृह त्या दिवसांत अस्तित्वातच नव्हते. शरदात निवडणूक झाली आणि जे सरकार पाडले होते तेच अधिक बळकट होऊन परतले.

आता प्रतिपक्षाचे आक्षेप. पहिला आक्षेप असा की, सरकार पाडणे हा विरोधी पक्षाचा हक्कच आहे. हक्क आहे, हे आम्ही आधीच मान्य केले. पण हक्क असणे आणि तो बजावणे उचित असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. शेजाऱ्याची भिंत आपल्या जागेत आली असेल तर ती पाडून मागण्याचा हक्क आपणांस आहे. म्हणून भर पावसाळ्यात, आत बाळंतीण असता, ती पाडण्यास कोणी जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. "सरकार वाचविले तर आम्ही त्याच्या पापाचे वाटेकरी होतो," असे म्हणतात. याला उत्तर अमेरिकेच्या अलीकडील इतिहासात मिळते. तेथील प्रतिनिधिगृहाचा सभापती हा आपल्या सभापतीप्रमाणे पंच नसतो; तो बहुमतवाल्या पक्षाचा पुढारीच असतो. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी रिपब्लिकन पक्षाच्या आठ बंडखोरांनी आपलेच सभापती मॅकार्थी यांना हटविण्यास मते दिली. आठांनी काय होणार? परंतु डेमोक्रॅट पक्षाच्या २०८ सदस्यांनी आपली मते त्यांत ओतली आणि २१६ विरुद्ध २१० अशा मतांनी सभापती गेला. मॅकार्थी शब्दाला जागत नाहीत, हे डेमोक्रॅटांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. पण पदरात काय पडले? बावीस दिवस सभागृह बिनसभापतीचे, ठप्प. त्याच काळात पश्चिम आशियात युद्ध पेटले. आणि शेवटी जॉन्सन हे आधीच्याहून कडव्या मताचे गृहस्थ त्या खुर्चीवर आले. डेमोक्रॅट त्यातून धडा शिकले, असे दिसते. २०२४ च्या एप्रिलात जॉन्सन यांनी स्वपक्षीयांचा रोष पत्करून युक्रेनच्या मदतीचे विधेयक मतास टाकले आणि मे महिन्यात त्यांच्यावर तसाच ठराव आला, तेव्हा १६३ डेमोक्रॅटांनी तो ठराव बाजूस सारण्यास मते दिली; ३५९ विरुद्ध ४३ मतांनी तो निकालात निघाला. यामुळे ते रिपब्लिकन झाले काय? जॉन्सन यांच्या धोरणाचे वाटेकरी ठरले काय? मुळीच नाही. आपण का वाचवीत आहोत, हे त्यांनी आधीच जाहीर सांगितले होते आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत ते जॉन्सन यांच्या पक्षाशी तितक्याच जोराने लढले. शिवाय वाचविणे हा एकच पर्याय नसतो; तटस्थ राहून "हे तुमच्या घरचे भांडण, तुम्हीच निस्तरा" असे म्हणण्याचा मार्गही नेहमी खुला असतो.

तिसरा आक्षेप: सरकार खरोखरच जुलमी असेल तर? तर अवश्य पाडावे. नागरिकांचे हक्क वा खुद्द सभागृहाची सत्ता जो तुडवू पाहतो, त्याला एक दिवसही अधिक मिळू नये. मात्र अशा वेळी विरोधी पक्षाने उघड म्हणावे की, आम्हांस तुमच्यातील बंडखोराला गादीवर बसवावयाचे नाही; आम्हांस निवडणूक हवी आहे आणि लोकांच्या दारी जाण्यास आम्ही सिद्ध आहोत. हे उत्तर सरळ आहे, स्वच्छ आहे. जे स्वच्छ नाही ते म्हणजे निवडणूकही नको, सत्तेची जबाबदारीही नको, फक्त शत्रूचा चेहरा पडलेला पाहण्याचा आनंद हवा.

जर्मन लोकांनी हा धडा फार महाग किंमत देऊन घेतला. १२ सप्टेंबर १९३२ रोजी त्यांच्या संसदेत पापेन यांच्या सरकारविरुद्ध ५१२ विरुद्ध ४२ मते पडली. त्या ५१२ मध्ये नाझी होते आणि कम्युनिस्टही होते. एकमेकांचे रक्त पिण्यास टपलेली ही माणसे पाडण्यापुरती एक झाली, उभारण्यास दोघांपाशी समान असे काहीही नव्हते. आणि पाच महिन्यांच्या आत हिटलर चॅन्सेलर झाला. म्हणून १९४९ च्या संविधानात ६७ वे कलम घातले गेले: जुन्या चॅन्सेलरला हटवावयाचे असेल तर त्याच मतदानाने नव्याची निवड झाली पाहिजे. १९७२ साली बार्झेल यांचा असा प्रयत्न दोन मतांनी फसला. १९८२ साली हेल्मूट कोल यांचा सफल झाला आणि ते सोळा वर्षे टिकले. आपल्याकडेही संविधानाच्या कार्याचा आढावा घेणाऱ्या आयोगाने २००२ साली अशीच शिफारस केली होती की, अविश्वासाच्या ठरावासोबत पर्यायी नेत्याचे नावही मतास टाकावे. ती शिफारस कागदावरच राहिली.

आम्हां बदलीच्या नोकरांना यात नवल वाटण्याजोगे काही नाही. दिल्लीहून गुवाहाटीस वा कोचीनहून कानपुरास ज्याची बदली होते, त्याला केवळ हुकूम हाती पडला म्हणून कचेरी सोडता येत नाही. चार्ज देणाऱ्याने सही करावयाची, चार्ज घेणाऱ्याने सही करावयाची, तिजोरीच्या किल्ल्या आणि रोकड मोजून द्यावयाची, तेव्हा कोठे तो मोकळा होतो. तालुक्याच्या टपालघराला जो नियम लागतो, तो देशाच्या मंत्रिमंडळाला का लागू नये? घेणारा कोण हे ठरलेले नसता देणाऱ्याला हाकलून लावणे, याला आमच्या कचेरीत बेजबाबदारपणा म्हणतात. संसदेत त्याला मुत्सद्देगिरी म्हणण्याची चाल पडली आहे.

कायदा बदलण्याची वाट पाहावयास नको. संकेताने हे आजही होऊ शकते. फुटीर गटाचा निरोप्या दारी आला, म्हणजे विरोधी पक्षनेत्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. या सरकारविरुद्ध माझे स्वतःचे, लोकांपुढे उघड सांगता येईल असे कारण आहे, की मी केवळ दुसऱ्याच्या सुडाचे हत्यार होत आहे? उद्या राष्ट्रपतींनी वा राज्यपालांनी मला बोलाविले तर माझ्यापाशी नावे आणि आकडे आहेत काय? नसतील, तर मी लोकांकडे जाण्यास तयार आहे काय, की बाहुला बसवून दोरी हाती ठेवणार आहे? पहिल्याचे उत्तर "होय" आणि दुसऱ्या वा तिसऱ्याचेही "होय" असेल, तर त्याने खुशाल घाव घालावा. आम्ही त्याला दोष देणार नाही. तसे नसेल, तर निरोप्याला चहा पाजून परत धाडावे.

हे सांगितले की काही जण आम्हांस सरकारधार्जिणे म्हणतील. सरकारी नोकराला ते नाव चिकटविणे सोपे आहे. त्यांना आमचे एवढेच सांगणे की, विरोधी पक्ष ही उद्याच्या सरकारची उमेदवारी असते. उमेदवारीच्या काळात जो केवळ मोडणे शिकतो, त्याच्या हाती लोकांनी घर का सोपवावे? १९७९, १९९१ आणि १९९९ या तिन्ही वेळी मतदारांनी हा प्रश्न आपल्या परीने विचारला आणि तिन्ही वेळी रातोरात सरकार पाडून खुर्ची गाठू पाहणाऱ्यांपैकी कोणालाही त्यांनी बहुमताचा कौल दिला नाही, याला अपवाद तो १९८० मध्ये दोरी हाती धरून बसलेल्या पक्षाचा. त्या एका अपवादाने पुढच्या पिढीतील किती पुढाऱ्यांना मोहात पाडले, ते वर पाहिलेच. त्या मोहाला "नाही" म्हणणारा विरोधी पक्षनेता आम्हांस हवा आहे. तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्या सरकारचे कागद आम्ही आनंदाने हाताळू.